प्रणाली होलेचा तिसरा राउंड

प्रणाली होलेनं आपल्या आत्याला फसवायला सुरुवात केली ती मे महिन्यातल्या एका सोमवारी, पहाटे साडेपाचला. तसं तिनं आधी काही ठरवलं नव्हतं. रोजच्यासारखी ती उठली, ट्रॅक पँट चढवली, ग्लोव्हजची बॅग खांद्याला लावली, आत्यानं वाटीत काढून ठेवलेले भिजवलेले चणे तोंडात टाकले आणि सायकल काढली. चौकापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. चौकातून डावीकडे वळलं की मैदान आणि मैदानाच्या कोपऱ्यात बॉक्सिंगच्या सरावाचा तो पत्र्याचा मोठा हॉल. त्या दिवशी तिनं सायकल उजवीकडे वळवली. का वळवली, हे तिला चौक ओलांडून पन्नास पावलं गेल्यावरही सांगता आलं नसतं.

ती एका बागेत जाऊन बसली. अकोल्यात मे महिन्यात माणसं ऊन तापायच्या आत फिरून घेतात, त्यामुळे बाग भरलेली होती. कोणी हात हलवत चालत होतं, कोणी मोठमोठ्यानं हसण्याचा व्यायाम करत होतं. प्रणाली बाकावर बॅग मांडीवर घेऊन दीड तास बसून राहिली. सव्वासातला तिच्या लक्षात आलं, की आता घरी जायचं तर अंगावरचा टी-शर्ट कोरडा ठणठणीत आहे. मग ती बागेतल्या नळापाशी गेली, टी-शर्टची मान, पाठ आणि काखा ओल्या केल्या, केसांवर पाण्याचा हात फिरवला आणि निघाली.

"झालं काय?" आत्यानं पोळी लाटता लाटता विचारलं.

"झालं," प्रणाली म्हणाली आणि आंघोळीला गेली.

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. गाव वलगाव, अमरावतीपासून जवळच. वडील देवीदास होले भाजीपाल्याचे माळी. पेढी नदीच्या काठाशी दीड एकर जमीन, त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी असं आळीपाळीनं घ्यायचं आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायचं. प्रणाली लहानपणापासून ओल्या भाजीच्या पाट्या उचलत मोठी झाली, त्यामुळे तिचे खांदे आणि मनगटं बरोबरीच्या मुलींपेक्षा भक्कम होती. नववीत असताना शाळेच्या बॉक्सिंग संघात एका वजनगटात मुलगीच मिळेना, तेव्हा पीटीच्या सरांनी तिला फक्त आकडा भरायला म्हणून उभं केलं. तिनं समोरच्या मुलीला दोन राउंडांत इतकं मागं रेटलं की पंचानं लढत थांबवली. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो तिच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी, अजून मीठ ठेवायला वापरला आहे.

त्यानंतर बारावी झाल्यावर ती अकोल्याला आली. कॉलेज हे निमित्त. खरं कारण शेषराव सर. शेषराव सर अठ्ठावन्न वर्षांचे, बुटके, घोगऱ्या आवाजाचे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पोलिसात लागली, सैन्यात लागली, दोघं-तिघं राष्ट्रीय स्पर्धेत पदकं घेऊन आली. सर फारसं बोलत नसत. एखादा ठोसा नीट बसला तर "हं" म्हणत, नाही बसला तर "पुन्हा" म्हणत. प्रणालीला ते आवडलं. राहायची सोयही होती, कारण वडिलांची बहीण बेबीताई अकोल्यातच. तिचे यजमान दालमिलमध्ये कामाला आणि ती स्वतः घरून बावीस डबे करून द्यायची. पहाटे चारपासून तिच्या घरात कणकेचा आणि फोडणीचा वास असे.

पहिल्या वर्षी प्रणाली राज्य स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, नवी होती. दुसऱ्या वर्षी मात्र वेगळं झालं. जिल्ह्यात आणि विभागात ती पहिली आली आणि राज्य स्पर्धेला निघायच्या आधी वलगावच्या फाट्यावर गावातल्या पोरांनी तिचा भलामोठा फ्लेक्स लावला. दोन्ही हातांत ग्लोव्हज, चेहरा रागीट, आणि खाली लिहिलेलं, "वलगावची वाघीण." देवीदासनं तो फोटो फोनवर पाठवला तेव्हा तिला हसू आलं, थोडी लाज वाटली आणि छाती भरूनही आली.

स्पर्धेत पहिल्या लढतीत पहिले दोन राउंड तिचे होते. तिला स्वतःला ते कळत होतं. तिसऱ्या राउंडची घंटा झाली, ती उठली आणि तिच्या पायांत कोणीतरी ओली माती भरल्यासारखं झालं. मनात होतं, पुढे जा, डावा हात टाक, बाजूला सर. पाय हललेच नाहीत. हात आपोआप खाली आले. समोरची मुलगी काही फार जोरात मारत नव्हती, पण ती मारत होती आणि प्रणाली नुसती उभी होती. तीन मिनिटं संपायच्या आत पंचानं लढत थांबवली आणि सगळं हातचं गेलं.

घरी परतताना फाट्यावर एसटीतून तो फ्लेक्स दिसला. पुढचे दोन महिने ती जेव्हा जेव्हा गावी गेली, तेव्हा तेव्हा दिसला. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा फाटून फडफडत होता. काढून टाका, असं सांगायचा धीर तिला झाला नाही. गावात कोणी टोमणा मारला नाही. पण पानठेल्यावर एकदा कोणीतरी सहज बोलून गेलं, "पोट्टी चांगली हाय, पण दम कमी पडला." तो शब्द तिच्या कानात जाऊन बसला. हात कमी पडला, डाव कमी पडला, तर शिकता येतं. दम कमी पडला म्हणजे आपल्यात काहीतरी मुळातच नाही, असा अर्थ तिनं घेतला.

शेषराव सरांनीही तोच अर्थ घेतला, फक्त त्यांनी उपाय काढला. "दम कमी पडते ना? मंग दम वाढवू," म्हणाले. सकाळ-संध्याकाळ सराव सुरू झाला. सकाळी धावणं, मग दोरी, मग लटकत्या बॅगेवर ठोसे, मग सरांच्या हातातल्या पॅडवर. संध्याकाळी जोडीदाराशी स्पारिंग आणि त्यानंतर शहरातल्या जुन्या गडाचा तोच चढ, आता रोज, खाली-वर, खाली-वर, पोटऱ्या पेटेपर्यंत. रविवारी तेवढी सुट्टी, पण प्रणाली रविवारीही एकटी पळून यायची. तिनं कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, "हार मानायची नाही." मैत्रिणी फोनवर जोशाचे व्हिडिओ पाठवायच्या, ती ते झोपण्याआधी बघायची.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मैदानाच्या साडेसात फेऱ्या म्हणजे तीन हजार मीटर. ते अंतर ती जानेवारीत चौदा मिनिटं चाळीस सेकंदांत पळत होती. एप्रिल संपला तरी चौदा-चाळीसच. एकदा चौदा-पंचावन्न. रात्री झोप मोडायची. जेवणाला चव लागेना. मुठी सतत ठणकायच्या. एके दिवशी बुटाची नाडी बांधताना गाठ नीट बसेना, तर एवढ्यावरून तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. कपाटावरचा कागद रोज सकाळी तिच्याकडे असा बघायचा, जणू तिनं काही चोरलं आहे. आपण आळशी झालो आहोत, असं तिचं पक्कं मत झालं. आणि मग तो सोमवार आला, आणि सायकल उजवीकडे वळली.

दुसऱ्या दिवशीही ती बागेत गेली. तिसऱ्याही. पहिले दोन दिवस सरांचे फोन येऊन गेले होते. तिनं उचलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून फोन आलाच नाही. ते जास्त लागलं. संध्याकाळच्या सरावाच्या वेळी ती कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसायची आणि पुस्तकावर डोकं टेकून गाढ झोपायची. सकाळी बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या हातांवर पट्ट्या घट्ट आवळून बांधायची आणि अर्ध्या तासानं सोडायची, म्हणजे मनगटांवर वळ दिसतील. फसवायलाही मेहनत लागते, हे तिला त्या दिवसांत कळलं. नळाखाली टी-शर्ट भिजवताना आसपासची फिरायला आलेली माणसं बघायची. एका आजोबांनी विचारलं, "उन्हाचा त्रास होते का वं, बाई?" ती "हो" म्हणाली.

तिचे सरावाचे नऊ दिवस असे गेले. मधला रविवार धरला तर दहा दिवस. दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती घरी आली तेव्हा आत्यानं तिला आंघोळीला जाऊ दिलं नाही.

"बस अथी," आत्या म्हणाली. "जराशी मेथी निवड."

प्रणाली ओल्या टी-शर्टनं जमिनीवर बसली. मेथीची जुडी सोडली. आत्या पोळ्या लाटत होती. एक लाटली, तव्यावर टाकली, दुसरी लाटायला घेतली.

"घामाच्या कपड्याले वास येते वं," आत्या म्हणाली. "नळाच्या पाण्याले येत नाही. दोन वर्सं झाले मी तुये कपडे धुवून राहिली."

प्रणालीच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. ती बोलायला गेली. पण जे बाहेर आलं ते रडणंच होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. नाक, डोळे, खांदे, सगळं एकदम. आत्यानं तिला जवळ घेतलं नाही की पाणी आणून दिलं नाही. तिनं तव्यावरची पोळी उलटली, फडक्यानं दाबली, डब्यात टाकली. बावीस डबे साडेनऊला जायचे होते. आणि प्रणालीला नंतर आठवलं ते असं, की आत्यानं हातातलं काम थांबवलं नाही, हेच फार बरं वाटलं होतं. आपण काही भयंकर केलेलं नाही, असं त्या लाटण्याच्या आवाजावरून वाटत होतं.

"मले कधी कळलं म्हणशीन तं तिसऱ्याच दिवशी," आत्या म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"तू झोपून राहिली होती ना चांगली. चार महिन्यांत पहिल्यांदा तू उताणी झोपलेली पाहिली मी. म्हटलं, झोपू दे."

प्रणालीनं नाक पुसलं. "मले वाटतच नाही आत्या आता. जावंसंच वाटत नाही. सगळ्यायले वाटते, मलेच वाटत नाही."

"मले पोळ्या लाटाव्याशा वाटते काय रोज?" आत्या म्हणाली. ती उपदेश करत नव्हती. खरंच विचारत होती. "चार वाजता घड्याळ वाजते तं मी त्याले शिव्या देतो. पयली पोळी रडत लाटतो. पाच-सहा झाल्या का मंग हात चालू लागते. कधी कधी नाही बी चालत. मागच्या महिन्यात कंबर धरली तं दोन दिवस डबे बंद ठेवले का नाही? काय बुडलं?"

प्रणालीनं मेथीची पुढची काडी उचलली आणि विचारलं, "सरांना माहीत असन?"

"सर आले होते. तिसऱ्याच दिवशी. तू आंघोळीले गेली होती. फाटकातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन."

"लय रागावले होते का?"

"रागावले कुठले? घाबरले होते. तिची तब्येत तं बरी हाय ना, म्हणे. मी म्हटलं, तब्येत बरी हाय, येईन. तं म्हणे, फोन करू का? मी म्हटलं, नका करू."

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना फोन लावला. एकदा खरं बोलायला लागल्यावर तिला थांबवेना. सराव सोडला होता हे सांगितलं, बागेचं सांगितलं, नळाचं सांगितलं. देवीदास नुसते "हं, हं" करत ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "बाबा, फाट्यावरचा थो फ्लेक्स काढा ना. मले त्याच्यापायी गावात यावंसं नाही वाटत."

देवीदास म्हणाले, "थो तं मी कवाचाच काढला, पोरी. फेब्रुवारीतच. तुले सांगितलं नाही. म्हटलं, तुले वाईट वाटन का बाबानं काढला."

"काढून कुठी ठेवला?"

"ठेवला नाही." ते जरा अडखळले. "कापड मजबूत होतं. मेथीवर झाकतो गाडीत. म्हंजे तुया फोटोची बाजू आतून हाय. ऊन लागू देत नाही."

प्रणाली हसायला लागली. इतकं हसली की आत्या स्वयंपाकघरातून डोकावून गेली. फेब्रुवारीपासून ती वलगावला गेली नव्हती, त्या फ्लेक्सच्या धाकानं. आणि तो फ्लेक्स रोज सकाळी मेथीवर पडून अमरावतीला जात होता.

"तुले लढायचं नसन तं नको लढू," देवीदास म्हणाले. "मी गावाले काही सांगत नाही अन् गाव मले काही विचारत नाही. तुले वाटते थे कर."

ते ऐकल्यावर, गेलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही हे कळल्यावर, तिला सकाळी मैदानावर जायला हरकत वाटेना.

गुरुवारी ती गेली. हॉलबाहेर शेषराव सर दोऱ्या मोकळ्या करत उभे होते. तिनं सायकल लावली, समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी दहा दिवस..."

"माहीत हाय," सर म्हणाले. "पळून दाखव."

तिला वाटलं, शिक्षा आहे. ती धावपट्टीच्या रेषेवर गेली. सरांनी शिट्टी मारली. पहिल्या फेरीत तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाय हलके लागत होते. दुसऱ्या फेरीत तिनं मुद्दाम वेग कमी केला, की पुढं जमणार नाही. चौथ्या फेरीत तिच्या ध्यानात आलं, की श्वास अजून हातात आहे. पाचव्या-सहाव्यात तिनं पुढच्या दोन मुलांना मागं टाकलं. साडेसात पुऱ्या करून ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले. सर घड्याळाकडे बघत होते. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं.

"तेरा-बावन्न," ते म्हणाले.

चार महिने जे सेकंद हलले नव्हते, ते दहा दिवस झोपून काढल्यावर अठ्ठेचाळीसनं खाली आले होते. सर हॉलच्या पायरीवर बसले. प्रणालीनं त्यांना सरावाच्या वेळात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अथी बस," ते म्हणाले. ती बसली. बराच वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली. "दोन वर्सांआधी राज्य स्पर्धेले एक पोरगा नेला होता. थो बी तिसऱ्या राउंडले असाच उभा राह्यला होता. मी म्हटलं, दम नाही. त्यानं खेळ सोडला. गेल्या साली स्पर्धेच्या चार दिवस आधीपर्यंत मी तुले गड चढवला. आठवते?"

तिला आठवत होतं.

"तुया पायांत काही उरलंच नव्हतं, पोरी. तू थकेल उतरली होती रिंगात. मीच थकवून आणली होती. दहा दिवसांपासून मी हेच इचार करून राह्यलो. आज घड्याळानं सांगितलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "दम हाय तुयात. चूक मायी होती."

इतके महिने जी गोष्ट ती छातीवर घेऊन फिरत होती, ती अशी एका पायरीवर, सकाळी सव्वासहा वाजता, कोणीतरी उचलून बाजूला ठेवली. तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. फक्त मोकळं वाटलं. भाजीची पाटी डोक्यावरून उतरवल्यावर मान जशी आपोआप वर येते, तसं. समोर मुलं दोरीवर उड्या मारत होती. त्या दोऱ्यांचा जमिनीवर पडणारा आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला होता.

त्यानंतर सगळं सोपं झालं, असं मात्र नाही. सरांनी रविवारसारखा गुरुवारही सुट्टीचा केला आणि गडाचा चढ आठवड्यातून दोनदा केला, पण उरलेल्या दिवसांचा सराव तसाच कडक होता. जूनमध्ये उकाड्यानं हॉलचे पत्रे तापायचे. जुलैत चिखल झाला तर सरांनी हॉलमध्येच पळायला लावलं, चार भिंतींच्या आत शंभर-शंभर चकरा. जावंसं न वाटणाऱ्या सकाळी येतच राहिल्या. एकदा तिनं सरांना स्पष्ट विचारलं, की मनच होत नाही त्या दिवशी काय करायचं.

"त्यातलं मले काही समजत नाही," सर म्हणाले. "मले सकाळी बायको उठवते म्हणून मी उठतो. तू असं कर. यायचं, पट्ट्या बांधायच्या, दोरीचे तीन राउंड मारायचे. मंग घरी जावंसं वाटलं तं जा. मी इचारणार नाही."

"खरंच?"

"जा म्हटलं ना."

या करारानं तिला जितकी मदत झाली तितकी कपाटावरच्या कागदानं कधी झाली नव्हती. तो कागद तिनं काढून टाकला. सकाळी उठल्यावर आता तिला तीन तासांचा डोंगर दिसत नसे. फक्त पट्ट्या आणि दोरी दिसे. तेवढं कोणालाही जमतं. तीन राउंड होईपर्यंत अंग तापलेलं असे आणि घरी जायचं बहुतेक वेळा विसरलेलं असे. बहुतेक म्हणजे नेहमी नाही. जून ते नोव्हेंबर या काळात ती चार वेळा खरोखर घरी गेली. चारही वेळा सरांनी मान हलवली आणि शब्द पाळला. पहिल्यांदा ती घरी गेली तेव्हा आत्यानं तिला डबे भरायला बसवलं, आणि ती सकाळ छान गेली.

नोव्हेंबरात राज्य स्पर्धा नागपूरला होती. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सर तिच्याकडून जवळजवळ काहीच करून घेईनात. हलकी दोरी, थोडं शॅडो म्हणजे नुसते हवेत ठोसे, आणि घरी. ती घाबरली. हात गंजतील असं वाटायला लागलं. "सर, थोडं पॅड तरी," ती म्हणायची. "नाही," सर म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं, की त्यांनाही ते कठीण जात होतं. तीस-पस्तीस वर्षांची सवय होती त्यांची, शेवटच्या दिवसापर्यंत पिळून घ्यायची.

चोपन्न किलो गटात तिची पहिली लढत दुपारी होती. समोरची मुलगी उंच, लांब हातांची. पहिला राउंड त्या मुलीचा गेला, दुसरा प्रणालीचा. दुसऱ्या राउंडनंतर ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. सरांनी तोंडातलं गार्ड काढलं, पाणी दिलं. दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत होते आणि दोघंही ती बोलले नाहीत. घंटा झाली. ती उठली आणि अर्धा क्षण तिनं पायांकडे लक्ष दिलं, ओली माती भरली आहे का ते बघायला.

पाय होते. दमलेले होते, पण तिचे होते. ती पुढे गेली, डावा हात टाकला, बाजूला सरली. पुन्हा गेली. समोरच्या मुलीचे हात खाली यायला लागले होते आणि प्रणालीला एक विचित्र दया आली. हे काय होतं ते तिला माहीत होतं. दयेनं तिचा हात मात्र थांबला नाही. पंचानं तिचा हात वर केला तेव्हा तिनं सरांकडे बघितलं. सर तिच्याकडे बघत नव्हते. खाली वाकून पाण्याची बाटली शोधत होते आणि ती बाटली त्यांच्या काखेतच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं उपांत्यपूर्व लढत सहज जिंकली. तिसऱ्या दिवशी उपांत्य लढतीत हरली. समोरची मुलगी दोन वेळा राष्ट्रीय पदक घेतलेली होती आणि खरोखर चांगली होती. तरी पाचातल्या दोन पंचांनी प्रणालीला कौल दिला. तिसऱ्या राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पुढे जात होती ती प्रणालीच. गळ्यात ब्राँझ पदक पडलं. हरल्याचं वाईट वाटायची ती वाट बघत होती. वाईट वाटलं, थोडंसं. पण त्याच्या आधी तिला भूक लागली.

परतीची गाडी दुपारची होती. वर्धा गेलं, धामणगाव गेलं. बाहेर कापसाची शेतं फुटली होती. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा फलाटावर देवीदास उभे होते, धुतलेला पांढरा सदरा घालून, हातात पिशवी. ते डबा शोधत पळत आले. प्रणाली दारातून खाली उतरली. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबणार होती.

"संत्री हाय," ते पिशवी देत म्हणाले. "अन् आईनं करंज्या दिल्या. सरायले बी दे."

पदक बघायला त्यांनी हात पुढे केला, मग हात सदऱ्याला पुसला आणि नुसतं बोट लावलं.

"बाबा, हरली मी शेवटची."

"पाह्यलं ना मी. त्या तुया मैत्रिणीनं फोनवर पाठवलं होतं, तुया आईनं चार वेळा पाह्यलं." शिट्टी झाली होती. "तिसऱ्या राउंडले तू चालून राह्यली होती, पोरी. मी म्हटलं, बस. झालं आपलं."

गाडी हलली. ते गाडीबरोबर थोडं चालले आणि मग फलाटावर उभे राहिले.

प्रणाली जागेवर येऊन बसली. तिनं संत्रं सोललं, अर्धं सरांना दिलं. सरांनी दोन फोडी खाल्ल्या, सोमवारपासून काय करायचं ते सांगायला लागले, डावा हात परत येताना खाली पडतो, त्यावर काम करू, म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, की सोमवारची तिला भीती वाटत नाही. "पण पहिला आठवडा काही नाही," सर पुढे म्हणाले. "झोपायचं. नुसतं झोपायचं." आणि वाक्य पुरं होताच ते स्वतःच झोपले. तीन दिवस त्यांना नीट झोप नव्हती. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांचं डोकं कलंडून तिच्या ठोसे खाऊन सुजलेल्या खांद्यावर आलं. खांदा दुखत होता. तिनं तो हलवला नाही. उरलेलं संत्रं एका हातानं खात, खिडकीतून बाहेर बघत, ती अकोल्यापर्यंत तशीच बसून राहिली.